‘ष वद्य’ : तारीख फाटलेल्या पानाची तारीख

देणगीत आलेल्या बासनात वर्तमानपत्राचं एकच सुटं पान निघालं. वरची पट्टी फाटलेली, म्हणजे नाव नाही नि तारीखही नाही. कोपऱ्यात शिसपेन्सिलीनं लिहिलेलं : ‘सोलापूर, लष्करी कायदा, मे १९३०’. तेवढंच नोंदवहीत उतरवून मोकळं होता आलं असतं.

आधी कागद. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त न्यूजप्रिंट त्यातल्या लिग्निनमुळे, म्हणजे लाकडातल्या एका घटकामुळे, तांबूस होतो, आम्ल धरतो आणि पहिल्यांदा घडीवर तुटतो. म्हणून कोरडा उलगडायचा नाही. मऊ ब्रशनं धूळ झटकली, दमट टिपकागदांमध्ये वीसेक मिनिटं ठेवला, घड्या सैलावल्यावर उघडला आणि कोरड्या टिपकागदांत काचेखाली रात्रभर दाबला. पाण्याचा थेंब थेट लागू द्यायचा नाही, नाहीतर तपकिरी कडा उमटते आणि ती जात नाही. सकाळी ४०० डीपीआयवर स्कॅन.

पडद्यावर मोठं करून पाहिलं तेव्हा फाटलेल्या कडेशी तारखेच्या ओळीचं शेपूट दिसलं : ‘ष वद्य’. वद्य म्हणजे महिन्याचा कृष्ण पक्ष, आणि त्याआधीचा ‘ष’ महिन्याच्या नावाचा शेवट. मे १९३० मध्ये बहुतेक वैशाख होता, शेवटी ज्येष्ठ लागला. एकाचा शेवट ‘ख’नं, दुसऱ्याचा ‘ष्ठ’नं. जुळत नाही. ‘ष’वर संपणारे महिने दोनच, मार्गशीर्ष आणि पौष. पेन्सिल तिथंच खोटी पडली.

मग मजकूर. सोलापूरच्या चौघांना, मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना, येरवड्यात ‘सोमवारी सकाळी’ फाशी दिल्याची बातमी होती. ती १२ जानेवारी १९३१ची घटना, आणि तो सोमवारच होता. लष्करी कायदा मे १९३०चा, फाशी त्यानंतर आठ महिन्यांनी. पेन्सिलवाल्यानं ‘सोलापूर’ वाचून ओळखीची तारीख टाकली असणार. अशी चूक सर्रास होते.

बातमीत ‘आज’ न म्हणता ‘सोमवारी’ म्हटलंय, म्हणजे १३च्या आधीचं पान नाही. नंतरची हद्द शोधायला लंडनची गोलमेज परिषद कामी आली. पहिली परिषद १९ जानेवारीला संपली, आणि इथं ती चालू असल्याची तार होती. गांधीजीही अजून येरवड्यातच. त्यांची सुटका २६ला झाली. चंद्राचा हिशेब आणखी घट्ट बसला. पौषाची अमावास्या १८ला, १९ला माघ लागला, तेव्हा ‘वद्य’ १८च्या पुढं जाऊच शकत नाही.

एका स्तंभानं मात्र पाय घसरला असता. ‘लंडनचं पत्र’ म्हणून नाताळाच्या तयारीचं वर्णन होतं, आणि त्यावरून पान डिसेंबरचं वाटतं. डिसेंबरात मार्गशीर्ष वद्यही होताच, म्हणून ‘ष’ तिकडेही बसत होता! पण तारेनं बातमी एका दिवसात यायची, बोटीच्या टपालाला दोन आठवड्यांहून जास्त लागत. पत्राचा मजकूर लिहिल्या दिवसाचा, पान छापल्या दिवसाचं. तारखा काढायच्या त्या तारांवरून, पत्रांवरून नव्हे. सिनेमाच्या जाहिरातीत देशी बोलपटाचं नाव नव्हतं. पहिला देशी बोलपट ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१चा, म्हणून ते जुळतं. पण नसण्याला पुरावा म्हणून मी फारसं वजन देत नाही.

नोंद अशी केली : [१३ ते १८ जानेवारी १९३१]. चौकटी कंस म्हणजे तारीख पानावर छापलेली नाही, अनुमानानं काढलेली आहे. पेन्सिलीची ओळ खोडली नाही. ‘पानावर नंतरच्या हस्ताक्षरात’ असा शेरा देऊन तिचा मजकूर जसाच्या तसा नोंदवला.