सांगितलं तर तुझं काय जातं?

जत्रेत, लग्नाच्या मांडवात, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आणि एकदा तर कोणाच्या तरी बाराव्यालासुद्धा मला हा प्रश्न विचारला गेला आहे, म्हणून त्याचे उत्तर एकदा नीट लिहून ठेवते. सुरुवात बहुतेक अशी होते : "अमक्याचा मुलगा तुमच्याकडे येतो म्हणे, काय झालंय गो त्याला?" मला सांगता येणार नाही, असे म्हटले की थोडा वेळ शांतता पसरते आणि मग दुसरा, खरा प्रश्न येतो : "सांगल्यार तुजें कितें वता?" मी शिकले म्हणून शिष्ट झाले, आपल्याच माणसांना परके मानू लागले, असेही त्यानंतर माझ्या पाठीमागे बोलले जाते, आणि ते माझ्या आईच्या कानावर येते. मी रुग्णालयात मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करते हे तुम्हाला ठाऊकच आहे, त्याबद्दल पुन्हा सांगत नाही. मी न सांगण्याचे काय करते आणि त्याने काय होते, तेवढेच सांगते.

हे मी इंटर्नशिपमध्ये शिकले. त्या काळात आम्ही रुग्णाचा पूर्वेतिहास घ्यायला शिकलो, रोर्शाक चाचणीची शाईच्या डागांची दहा कार्डे कशी दाखवायची आणि उत्तरे जशीच्या तशी कशी उतरवून घ्यायची हे शिकलो, दाखल्यासाठी आणलेल्या मुलांची बिने-कामत ही बुद्धिमापनाची चाचणी घ्यायला शिकलो. यातला बराच भाग पुस्तकात सापडतो. आपल्याच मुलखात काम करताना तोंड कसे बंद ठेवायचे, हे मात्र पुस्तकात नव्हते, कारण ती पुस्तके मोठ्या शहरांतल्या माणसांनी लिहिलेली आहेत. २०११च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती. इथे आडनाव आणि वाडा सांगितला की दोन मिनिटांत नाते निघते.

पहिल्या आठवड्यातच आमच्या मॅडमनी सांगितले होते की रुग्णालयाबाहेर रुग्ण दिसला तर आपण होऊन ओळख दाखवायची नाही. तो बोलला तर बोलायचे, त्याने नजर वळवली तर आपणही पुढे जायचे. हा नियम मला पटतो आणि मी तो पाळते, पण ज्या गावात समोरून येणाऱ्याला "जेवलात?" असे न विचारता पुढे जाणे हा अपमान समजतात, तिथे तो पाळण्याची किंमत काय असते, हे बाहेरच्या माणसाला कळणार नाही. बाजारात मी तुमच्याकडे पाहून हसले नाही, असे तुमच्यापैकी काहींचे म्हणणे आहे. मी कोणाकडेच आधी पाहून हसत नाही. फक्त रुग्णांकडे पाहून हसले नाही, तर माझ्या न हसण्यावरूनच लोक रुग्ण ओळखतील.

प्रकरण सादर करतानाही तसेच. नाव आणि गाव काढून टाकले की ओळख लपते, असा आम्हा सगळ्या इंटर्नचा समज होता. मॅडम कागद हातात घेऊन म्हणत, "वडील बोटीवर, आई शिक्षिका, घरात जुळे भाऊ. गाव कशाला हवं? गोव्यात एवढं पुरतं." मग आम्ही बोटीवरच्या वडिलांना बँकेत बसवायचो आणि जुळ्यांमध्ये चार वर्षांचे अंतर टाकायचो. या लेखातही मी काही तपशील बदलले आहेत. ते शोधत बसू नका, अशी विनंती आहे.

आता ज्या गोष्टीबद्दल तुम्हाला खरोखर विचारायचे असते, पण जी माझ्या तोंडावर फारसे कोणी विचारत नाही, तिच्याकडे येते. आत्याच्या मुलाचे ठरत आलेले लग्न माझ्यामुळे मोडले का?

चवथीच्या आदल्या दिवशी आत्या आमच्याकडे नेवऱ्या करायला आली होती. मी लहान असताना आई शाळेत नोकरीला जायची, तेव्हा मला हिनेच सांभाळले. माझे केस हिने विंचरले, माझी पहिली सायकल हिच्या पैशांची. आई तळणाजवळ होती आणि आम्ही दोघी पाटासमोर बसून नेवऱ्या भरत होतो. आत्याची मुरड फार सुरेख असते, बोटाच्या एका लयीत ती कडेने दुमडत जाते. मान वर न करता ती म्हणाली, "तुझ्या भावाचं जवळजवळ ठरलंय, हे तुला ठाऊक आहे. पुढच्या महिन्यात रजिस्ट्रारकडे लग्नाच्या नोंदणीची पहिली सही करायची म्हणतात. त्या मुलीला तुमच्या तिथल्या बाकावर बसलेली कोणीतरी पाहिली. ती तुमच्याकडे येते का?"

मी म्हणाले, "आत्या, मला सांगता येत नाही."

"मी परकी आहे का?"

"परकी नाहीस. पण मी कोणाबद्दलच सांगू शकत नाही."

तिने हातातली अर्धी मुरडलेली नेवरी ताटात ठेवली. तिचा आवाज चढला नव्हता, आणि तो चढला असता तर मला सोपे गेले असते. "कळलं मला," ती म्हणाली. तुला काहीच कळलेले नाही, कारण मी काहीच सांगितलेले नाही, असे मी तिला अगदी स्पष्ट शब्दांत सांगितले. त्यावर ती जे बोलली ते मी विसरू शकत नाही : "'नाही' असतं तर तू हसून 'नाही' म्हणाली असतीस."

पहिली सही झाली नाही. कारण कोणी उघड सांगितले नाही. पत्रिका, नोकरी, घर लहान, अशी नेहमीची कारणे पुढे आली. पण खरे कारण त्या मुलीच्या घरापर्यंत पोहोचले, आणि त्याबरोबर माझे नावही. काही दिवसांनी ती मला डिचोलीच्या बसस्थानकावर भेटली. ती आपण होऊन माझ्याकडे आली. मी तिच्याबद्दल एक अक्षरही बोललेले नाही, असे मी तिला म्हणाले. ते आपल्याला माहीत आहे, आपली तक्रार त्याबद्दलच आहे, असे ती म्हणाली; एक 'नाही' म्हणायला तुला काय झाले होते, असे तिने विचारले, आणि माझी कदंब बस आली तरी मी तिथेच उभी होते.

ती मुलगी आमच्याकडे उपचारांसाठी येत होती की नव्हती, हे मी इथेही लिहिणार नाही. रुग्णालयातल्या बाकावर माणूस कितीतरी कारणांनी बसतो : आईची महिन्याची औषधे न्यायला, भावाच्या अपंगत्वाच्या दाखल्यासाठी, शेजारणीला सोबत म्हणून, किंवा दुसऱ्या विभागात जाताना पाय दुखले म्हणून. वाचता वाचता तुम्ही मनात काही ठरवले असेल तर आत्यानेही तेच केले होते.

मॅडमना मी हे सगळे सांगितले. नियम पाळलास, शाबास, असे काहीतरी त्या म्हणतील अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी उलट एक प्रश्न विचारला. आत्याने त्याच दिवशी वाड्यावरच्या दुसऱ्या कोणाबद्दल, जो कधीच तुमच्याकडे आलेला नाही अशा माणसाबद्दल विचारले असते, तर तू काय उत्तर दिले असतेस? मी प्रामाणिकपणे म्हणाले की छे, तो कशाला येईल, असे म्हणून मी विषय संपवला असता. मग तुझे गप्प राहणे हेच उत्तर होते आणि तुझ्या आत्याने ते बरोबर वाचले, असे त्या म्हणाल्या. तिने काढलेला अर्थ खरा की खोटा हा प्रश्न वेगळा. तेव्हापासून मी प्रत्येकाबद्दल एकच वाक्य बोलते. जो येतो त्याच्याबद्दल, जो येत नाही त्याच्याबद्दल, सरपंचाबद्दल, माझ्या सख्ख्या भावाबद्दलही : "मी कोणाबद्दलच बोलत नाही." तुम्हाला जो शिष्टपणा वाटतो, तो हा आहे.

कायदाही मला बांधतो. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा पुढच्या वर्षी अमलात आला, आणि त्याचे कलम २३ रुग्णाला त्याचा आजार आणि उपचार यांबाबत गोपनीयतेचा हक्क देते. त्याला अपवाद आहेत : रुग्णाने नेमलेला प्रतिनिधी, उपचार करणारे इतर व्यावसायिक, कोणाच्या जिवाला किंवा शरीराला असलेला धोका, न्यायालयाचा आदेश आणि आणखी काही. हे अपवाद आम्ही रुग्णाला पहिल्याच भेटीत सांगतो, म्हणजे पुढे त्याला आपली फसवणूक झाली असे वाटू नये. स्थळाची चौकशी त्या अपवादांत बसत नाही.

त्या वेळच्या मला हे पुरेसे वाटायचे. आम्हाला तारासॉफ खटला शिकवला होता : १९६९ साली कॅलिफोर्नियात तात्याना तारासॉफ या विद्यार्थिनीचा खून झाला, मारणाऱ्याने तो विचार आधी आपल्या मानसशास्त्रज्ञाला बोलून दाखवला होता, आणि १९७६ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले की ज्याच्या जिवाला धोका आहे त्याच्या रक्षणासाठी वाजवी पावले उचलणे हे उपचार करणाऱ्याचे कर्तव्य आहे. वहीत त्याखाली मी मोठ्या खात्रीने लिहिले होते की धोका असेल तर बोलावे, नसेल तर गप्प राहावे आणि गप्प राहिल्याने कोणाचे नुकसान होत नाही. ती वही अजून माझ्याकडे आहे. ती वही लिहिणाऱ्या त्या वेळच्या मला मी आज सांगेन की गप्प राहण्यानेही नुकसान होते, आणि ते ज्याचे होते त्याने काहीच केलेले नसते. ती मला विचारेल, मग तू खोटे बोलली असतीस का? नाही, बोलले नसते. मग तुझ्या आणि माझ्या वागण्यात फरक काय? फरक एवढाच की मी आता ते एक वाक्य सगळ्यांबद्दल बोलते, आणि त्या चवथीला ते वाक्य मला सुचले असते तरी आत्याने त्यातून तिला हवे तेच ऐकले असते, असे मला पुष्कळदा वाटते.

आत्यावर मी अन्याय करू इच्छित नाही. मुलाच्या संसाराची काळजी करणे हा तिचा हक्क होता, आणि माझ्या सख्ख्या भावाच्या बाबतीत मलाही कोणाला तरी विचारावेसे वाटले असते, हे मी नाकारणार नाही. ज्याच्याशी आयुष्य काढायचे त्याला काही गोष्टी कळल्या पाहिजेत, हेही मला मान्य आहे. पण त्या सांगायच्या कोणी? ज्याचे आयुष्य आहे त्याने, त्याच्या वेळेला, त्याच्या तोंडाने. माझ्याकडून त्या गेल्या तर काय होते ते मी इंटर्नशिपमध्ये दर आठवड्याला पाहत होते. लग्न ठरले की सासरच्यांना कळू नये म्हणून औषधे अचानक बंद केली जातात, आणि काही महिन्यांनी आजार उलटून येतो. औषधाच्या गोळ्या जीवनसत्त्वांच्या बाटलीत भरून ठेवल्या जातात. जवळ उपचार असताना माणसे बेळगावला जातात, कारण तिथल्या बाकावर ओळखीचे कोणी बसलेले नसते. पूर्वी वेड्यांचे इस्पितळ पणजीत आल्तिनोवर होते. ते बांबोळीला जाऊन कितीतरी वर्षे झाली, तरी जुनी माणसे अजून "आल्तिनोला न्यायला हवा" असे बोलतात. ते ऐकत वाढलेला माणूस आमच्या दारापर्यंत येतो, तेव्हा तो आमच्या तोंडावर भरवसा टाकून येतो.

मी बाहेरगावी जाऊन काम करावे, म्हणजे हा पेच उरणार नाही, असे आई म्हणते. मला ते पटत नाही. 'मानस' नावाच्या प्रकल्पात गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतून इथल्याच प्रशिक्षित समुपदेशकांनी नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांना मदत केली, आणि सरकारी केंद्रांत तिचा उपयोग झाल्याचे २०१०च्या 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. दुखणे आपल्या बोलीत सांगता आले तर माणूस लवकर मोकळा होतो, हे मी रोज पाहते. म्हणून मी इथेच राहणार आहे. तुम्हाला आजाराबद्दल विचारायचे असेल तर हवे तितके विचारा. घरात कोणाची काळजी वाटत असेल तर १४४१६ हा टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा क्रमांक आहे, किंवा मला सांगा, कोणाकडे न्यायचे ते मी सुचवीन. नावे मात्र विचारू नका.

आत्या आमच्याकडे येते, चवथीला नेवऱ्याही करते, पण त्या विषयावर आम्ही दोघी पुन्हा बोललेलो नाही. आतेभावाचे पुढे दुसरीकडे लग्न झाले. त्या मुलीबद्दल मला कोणी विचारले तर माझे उत्तर तुम्हाला आता माहीत आहे.

हल्ली माझ्या हाताखाली इंटर्न येतात. त्यांना मी ते वाक्य पहिल्याच दिवशी देते, आणि त्याने सगळे निभावत नाही, हेही सांगते. परवा त्यांच्यातली एक म्हणाली की रुग्णाच्या भल्यासाठी एक साधे 'नाही' म्हणायला काय हरकत आहे. त्याने त्या मुलीचे लग्न झाले असते आणि बिघडले कोणाचेच नसते. मी तिला सांगितले की आज एकाच्या भल्यासाठी खोटे 'नाही' म्हटलेस, तर उद्या तुझ्या खऱ्या 'नाही'वरही कोणी विश्वास ठेवणार नाही. त्यावर ती म्हणाली, "पण आज तरी तुमच्या गप्प राहण्यावर कोण विश्वास ठेवतं?" मी तिला नियम पाळायलाच सांगितले. तिचे म्हणणे मात्र मला खोडता आले नाही.