आज किगालीबाहेर एका घरी
आज ऑफिसातल्या मैत्रिणीबरोबर रवांडाची राजधानी किगालीच्या बाहेर एका मावशींकडे गेले होते, त्या मलायिका मुरिंझी आहेत म्हणजे सरकारने निवडून ट्रेनिंग दिलेली पालक आई, आणि त्यांच्याकडे अनाथाश्रमातून आलेला एक मुलगा राहतो. आम्ही पोचलो तेव्हा तो आणि मावशींचा सख्खा मुलगा पिवळा पाण्याचा कॅन कोण उचलणार यावरून कडाकडा भांडत होते, आणि मावशी दोघांवरही सारख्याच ओरडत होत्या. मैत्रीण म्हणाली, आला तेव्हा तोंडातून शब्द काढत नव्हता, जे ताटात येईल ते गुपचूप खायचा. ते भांडण बघून मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

१९९४ च्या नरसंहारानंतर रवांडात इतकी मुलं पोरकी झाली की जागोजागी आश्रम उघडले, कित्येक घरांत तर मोठी बहीणच आई झाली. तेव्हा इलाज नव्हता. पण पुढे लक्षात आलं की आश्रमातल्या बऱ्याच मुलांना जिवंत नातेवाईक आहेत, अडचण गरिबीची आहे. मग २०१२ मध्ये सरकारने ठरवलं, आश्रम हळूहळू बंद करायचे आणि मुलांना घरं द्यायची.

अर्थात नुसतं घर देऊन भागत नाही, शाळेचा खर्च, आरोग्य विमा, आणि मुख्य म्हणजे कोणीतरी सारखं जाऊन मूल बरं आहे ना हे बघायला हवं. देणगीदारांना मात्र अजून इमारतच बांधायची असते, पाटी लावता येते ना. मला विचाराल तर तो पैसा घरोघरी फिरणाऱ्या सोशल वर्करच्या पगाराला द्या.