डॅफ्नियाची नोंद, दिवस 21: पाणी स्वच्छ, खाणं तांब्याचं

मागे लिहिलं होतं की एका बरणीतल्या डॅफ्निया (गोड्या पाण्यातले बारीक जीव, पाणपिसवा) मरत नाहीत, पण वाढतही नाहीत. कारण बहुधा सापडलंय.

संशय त्यांच्या खाण्यावर, म्हणजे शेवाळावर होता. शेवाळाचा एक डबा मी सकाळच्या पहिल्या धारेच्या पाण्यावर लावला होता. रात्रभर तांब्याच्या पाइपात थांबलेल्या पाण्यात तांबं उतरतं. तांबं तपासायच्या किटमध्ये रंगही दिसला. दुसरा डबा पाच मिनिटं नळ सोडून मग भरलेला. दोन्हीकडचं शेवाळ फ्रीजमध्ये तळाला बसू दिलं, वरचं पाणी ओतून टाकलं, स्वच्छ पाण्यात दोनदा धुतलं. मग डॅफ्नियांचे दोन ग्लास लावले, एकाला एका डब्यातलं शेवाळ, दुसऱ्याला दुसऱ्यातलं. म्हणजे दोन्ही ग्लासांत पाणी एकच, फरक फक्त खाण्यात. प्रत्येकी 10 पिल्लं, सगळी 24 तासांच्या आतली.

पहिली पिलावळ दोन्हीकडे नवव्या दिवशी आली, संख्याही जवळपास सारखी. तिथेच थांबलो असतो तर फसलो असतो! तिसऱ्या पिलावळीला तांब्यातलं शेवाळ खाणाऱ्या ग्लासातली पिल्लं निम्म्याहून कमी. मोठ्यांपैकी दोन्हीकडे एकेकच मेली. पोहणंही नेहमीसारखं, त्यामुळे नुसतं ग्लासाकडे बघून काहीच कळलं नसतं. भिंगाखाली मात्र पाठीवरच्या अंड्यांच्या पिशव्या अर्ध्या रिकाम्या दिसत होत्या.

पाण्यातलं मोकळं तांबं शरीरात सोडियम घेण्याची वाट अडवतं, तेव्हा मरतुक लवकर दिसते. कठीण पाण्यातलं कॅल्शियम आणि पानांचा तपकिरी अर्क हा मारा बराच बोथट करतात. पण शेवाळ पाण्यातला धातू स्वतःत साठवतं आणि तो घासाबरोबर थेट आतड्यात जातो. तिथे पाण्याच्या कठीणपणाचा फारसा उपयोग होत नसावा असं मला वाटतं. तांबं, जस्त थोडं लागतंच, म्हणून तर ते आत सहज घेतलं जातं. कॅडमियम हा विषारी धातू तर कॅल्शियमच्याच वाटेने शिरतं, आणि दर दोन-तीन दिवसांनी कात टाकणाऱ्या जिवाला कॅल्शियमची सतत ओढ.

एक शंका उरते: तांब्यात वाढलेलं शेवाळच निकस असेल तर? हिरवेपणा मी डोळ्यांनीच जुळवला होता, पेशी मोजल्या नव्हत्या. म्हणून कालपासून तिसरा ग्लास लावलाय. त्यात चांगलंच शेवाळ, पण निम्म्या मापाने. उपासाची पिलावळ आणि तांब्याची पिलावळ सारखीच निघाली, तर वरचं सगळं पुन्हा तपासावं लागेल. पहिली मोजणी आठवड्याभरात. तोवर, कुणी पिलावळी क्रमाने मोजून ठेवल्या असतील तर तिसरीपासून पुढचे आकडे मला हवे आहेत.