सहा पिशव्या, चार दिवस

रविवारी दुपारी जेवण झाल्यावर सरबतासाठी बर्फ काढायला फ्रीझर उघडला आणि मागच्या बाजूला, मटाराच्या पुड्याखाली, चिकनच्या सहा पिशव्या एकावर एक निजलेल्या दिसल्या. प्रत्येकीवर माझ्याच अक्षरात तारीख होती. कॅलेंडरकडे नजर गेली, तर आषाढाची अमावास्या पुढच्या रविवारी. आजचा दिवस धरून हातात आठ दिवस. त्यांतून महादेवाचा सोमवार, वाडीच्या दत्ताचा गुरुवार, मारुतीचा शनिवार आणि मध्येच बुधवारी येणारी एकादशी वजा केली की उरतात चार. त्यांतला शेवटचा खुद्द अमावास्येचा, पण सांगलीत आखाडाचा शेवट कोरडा करण्याची पद्धत नाही. चार दिवस, सहा पिशव्या आणि खाणारी माणसे दोन, त्यांतही एकीला चिकनपेक्षा अंडाकरी अधिक प्रिय.

हा हिशेब माझ्या मागे लागला तो 2018 च्या दिवाळीत. पुण्याहून आलेल्या मुलीने स्लो कुकर आणला आणि, ‘बाबा, सकाळी घालायचं आणि विसरून जायचं,’ एवढ्या एका वाक्यात त्याची शिकवणी संपवली. मला त्यातले घालणे जमले, विसरणे अद्याप जमलेले नाही. झाकण उचलून आत काय चालले आहे ते पाहिल्याशिवाय मला स्वस्थता नसते. हे यंत्र गरीब स्वभावाचे आहे. एकदा झाकण उघडून वाफ सोडली की गेलेली ऊब परत गोळा करायला त्याला वीसेक मिनिटे लागतात. पहिल्या रविवारी मी आठ वेळा डोकावलो आणि दुपारचे जेवण दिवेलागणीला झाले. शिवाय सवयीने दोन तांबे पाणी ओतले होते. यातले पाणी आटत नाही, उलट चिकनलाच पाणी सुटते, हे मला माहीत नव्हते. त्या दिवशी आम्ही जे खाल्ले त्याला रस्सा म्हणणे धाडसाचे ठरले असते.

आता हात बसला आहे. दीड किलो चिकन, शक्यतो तंगडीचे आणि हाडासकट, कारण छातीच्या बिनहाडाच्या तुकड्यांचा इतक्या वेळात चोथा होतो. त्याला हळद, मीठ, आले-लसणाचे वाटण, एक कांदा आणि जेमतेम वाटीभर पाणी. मंद आचेवर सहा तास. गावरान कोंबडी असेल तर आणखी दोन. मग सगळे परातीत पसरून पंख्याखाली निववायचे, दोन तासांच्या आत पिशव्यांत भरायचे आणि पिशव्या चपट्या करून आडव्या ठेवायच्या, म्हणजे जागाही कमी लागते आणि बर्फही लवकर सुटतो. लागेल ती पिशवी आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात उतरवायची. बटाटा मात्र यात कधी घालू नये. फ्रीझरमधून बाहेर आला की तो बटाटा राहत नाही, वाळू होतो.

बायकोने पहिल्यांदा त्या पिशवीतला रस चमच्याने चाखला आणि म्हणाली, ‘अहो, ही तर आळणी.’ मी दिवाळीपासून ज्याचे कौतुक करीत होतो त्याला आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या नाव होते. मसाला पडण्याआधीचे, हळद-मिठात शिजलेले ते पिवळसर पाणी. आळणी तयार असली की तिचे काय करायचे ते नंतर ठरवता येते. कांदा-लसूण चटणी आणि भाजल्या खोबऱ्याचे वाटण घातले तर तांबडा रस्सा, काजू-खसखशीत गेली तर पांढरा, तुकडे तेलावर परतले तर सुक्के, आणि घरात कोणाला ताप असेल तर नुसतीच भातावर. फ्रीझरमध्ये मी चिकन साठवीत नाही, न घेतलेले निर्णय साठवतो.

तासगावच्या बाजूला आमची आजी राहायची. तिच्याकडे मटण-कोंबडीला घरातली चूल नव्हती. परड्यात पेरूच्या झाडाखाली तीन दगड मांडलेले, आणि त्या कामाचे पातेले वेगळे; ते कधी स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडत नसे, घासायची राखसुद्धा निराळी. आजी पातेल्यावर झाकणाऐवजी काठाची थाळी ठेवी आणि थाळीत पाणी. आतली वाफ थाळीच्या बुडाला लागून पुन्हा आत गळायची आणि वरचे पाणी तापत राहायचे. कालवणात पाणी घालायची वेळ आली की तेच घालायचे, गार पाणी घातले तर चव उतरते म्हणून. आम्ही पाच-सहा नातवंडे हातात वाट्या घेऊन धुराच्या उलट बाजूला बसलेलो असायचो, आणि धूरही दर पाच मिनिटांनी बाजू बदलायचा. मसाला घालण्याआधी प्रत्येकाच्या वाटीत पळीभर आळणी पडे, तीही धाकट्यापासून सुरुवात करून. मी दुसरा मोठा असल्यामुळे माझ्या वाटीत तुकडा आल्याचे आठवत नाही. थाळी उचलून पाहण्याचा अधिकार एकट्या आजीचा होता, आणि मला वाटते, माझी झाकणाची खोड तिथली आहे. इतकी वर्षे दाबून ठेवलेला हात आता स्वतःच्या घरात मोकळा सुटला आहे.

घरातल्या चुलीला मात्र वैल असे. मुख्य तोंडावर भाकरी भाजून होईपर्यंत शेजारच्या वैलावर आमटी किंवा दूध उरल्यासुरल्या धगीवर आपसूक रटरटत राही, कोणी मुद्दाम लक्ष देत नसे. मुलीने आणलेले यंत्र म्हणजे पिन लावलेला वैलच.

हे यंत्र ज्याने काढले त्या अमेरिकेतल्या आयर्व्हिंग नॅक्सनची कथाही थोडी ओळखीची निघाली. त्याची आई त्याला लिथुआनियातल्या आपल्या गावच्या गोष्टी सांगायची. यहुदी धर्मात शनिवारी विस्तव पेटवायचा नसतो, म्हणून शुक्रवारी दिवस मावळण्याआधी घरोघरची मांस-घेवड्याची भांडी पावाच्या भट्टीत नेऊन ठेवीत, आणि विझत चाललेल्या भट्टीच्या उबेवर ती रात्रभर शिजत. त्यावरून नॅक्सनने विजेचे भांडे बनवले, 1940 मध्ये त्याचे पेटंट मिळाले, आणि 1971 मध्ये दुसऱ्या कंपनीने तेच ‘क्रॉक-पॉट’ या नावाने बाजारात आणल्यावर ते घरोघर गेले. आई तेव्हा होती. मी तिला हे सगळे वाचून दाखवले. तिने एवढेच विचारले, ‘म्हणजे त्यांचाबी शनिवारच?’

आईचा या यंत्रावर राग नव्हता, कारण त्याचे भांडे त्याच्याबरोबरच आलेले होते. मागच्या गॅलरीत ठेवायचे, एवढ्या अटीवर तिने ते घरात घेतले. तिचे वैर फ्रीझरशी होते. महिनाभरापूर्वी शिजवलेले अन्न शिळे नव्हे, हे तिला पटवणे मी पहिल्या आठवड्यातच सोडून दिले. दुसरा वाद श्रावणाचा. आषाढ अमावास्येला, दिव्यांची पूजा मांडायच्या आत, फ्रीझर रिकामा करून सोड्याच्या पाण्याने पुसलेला असला पाहिजे, असा तिचा हुकूम. शून्याच्या खाली अठरा अंशांवर गोठून पडलेली वस्तू घरात आहे असे तरी का मानायचे, असा युक्तिवाद मी करून पाहिला. ती म्हणाली, ‘कुलूप लावलं म्हणून घरातलं बाहेर जात नाही.’

साठवणीचे सांगलीकरांना अप्रूप वाटायचे खरे तर कारण नाही. कृष्णा आणि वारणा जिथे भेटतात त्या हरिपुरात हळद साठवायला जमिनीत पेवे काढलेली होती. त्यांत हळद वर्षानुवर्षे कीड न लागता राहायची. पेव उघडले की लगेच आत उतरायचे नाही, कोंडलेली हवा आधी जाऊ द्यायची, हा तिथला दंडक. म्हणजे झाकण कधी उघडावे याचे शास्त्र आमच्याकडेही होते. त्या पेवांत 2005 च्या महापुरात पाणी शिरले आणि बरीचशी कायमची निकामी झाली.

2019 च्या आषाढात माझ्या हिशेबात दोन पिशव्या जास्त भरल्या. अमावास्या आली तरी त्या संपल्या नाहीत, आणि टाकून देण्याइतके माझे मन मोठे नव्हते. आईला फ्रीझर पुसलेला दाखवला, त्याआधी त्या पिशव्या शेजारच्या मित्राकडे ठेवल्या आणि संध्याकाळी परत आणून मटाराच्या पुड्याखाली सरकवल्या. पन्नाशी उलटलेल्या माणसाने हे केले, याची मला लाज आहे.

नागपंचमी त्या वर्षी 5 ऑगस्टला होती. त्याच सुमारास पाणी गावभागात शिरले. आयर्विन पुलापाशी 45 फूट ही धोक्याची पातळी. त्या आठवड्यात नदी 57 फुटांच्या वर गेली. आम्ही पहिल्या मजल्यावर. तळमजल्यावरचे कुटुंब अंथरुणे आणि दोन पोरांसकट आमच्याकडे आले. मंगळवारी वीज गेली. भरलेला आणि न उघडलेला फ्रीझर दोनेक दिवस गारवा धरतो असे म्हणतात, पण आमच्या फ्रिजच्या वरच्या कप्प्याची ती ऐपत नव्हती. बुधवारी सकाळी फ्रिजच्या दाराखालून पाण्याची धार लागली. घरात तांदूळ होता, गॅस होता, प्यायचे पाणी एक पिंपभर, भाजी नाही, दूध नाही. पोरे दोन दिवस मीठभातावर होती आणि त्यातल्या धाकट्याने त्या दिवशी ताट पुढे सरकवले.

आई जपमाळ घेऊन खिडकीपाशी बसली होती. खाली रस्त्यावरून बोट गेली, तिच्याकडे बघत मला म्हणाली, ‘त्या मटाराखालचं काढ की.’

मी काढले. पिशव्यांच्या मध्ये अजून बर्फाचा खडा होता. आमचे वेगळे पातेले जिन्याखालच्या खोलीत, म्हणजे पाण्याखाली, आणि स्लो कुकर विजेवाचून नुसता कुंडीसारखा. मी भांडे शोधत उभा राहिलो, तेव्हा आईने उठून दुधाचे पातेले गॅसवर ठेवले, आळणी त्यात ओतली आणि चांगली खळखळून उकळेपर्यंत तिथेच उभी राहिली. वर थाळी ठेवली, थाळीत पाणी घातले नाही. पाणी मोजके होते. मग दोन्ही पोरांच्या भातावर पळी पळी वाढली, धाकट्याला आधी. स्वतः शेंगदाणे आणि गूळ खाल्ला.

आई गेल्याला तीन वर्षे झाली. फ्रीझर पुसला की नाही, हे आता कोणी विचारत नाही. मंगळवारसाठी उद्या रात्री दोन पिशव्या खाली उतरवीन, शुक्रवारी दोन, उरलेल्या अमावास्येला. दुधाचे पातेले तेच आहे, त्यातच दूध तापते.