चढ नको, पण झाडं हवीत

"बाळा, चढ नको. पण झाडं हवीत. कुठवर जाऊ?"

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात आज सकाळी एका काकूंनी विचारलं. साडी, पायात नवे कोरे कॅनव्हासचे बूट. मी कान्हेरीहून धावत परतले होते, धापा टाकत. पटकन बोलून गेले, "काकू, तुम्ही गेटजवळच फिरा." त्या "बरं" म्हणाल्या आणि बाकावर बसल्या.

ते "बरं" दिवसभर डोक्यातून जाईना.

हा रस्ता मला पाठ आहे. गेटपासून कान्हेरी लेणी साधारण सहा किलोमीटर. खरा चढ शेवटी लागतो, तिथे पोटऱ्या बोलायला लागतात. पण त्याआधीचा बराचसा रस्ता सोपा आहे, डांबरी आहे, दोन्ही बाजूंना झाडं आहेत, वाटेत दहिसर नदी आहे. उजाडल्यावर जा, बिबट्यांचं जंगल आहे तेव्हा रस्ता सोडू नका, दम लागला की तिथूनच मागे फिरा. एवढंच तर सांगायचं होतं!

आम्ही धावणारे रस्ता किलोमीटरमध्ये आणि वेळेत सांगतो. सावली कुठे, टेकायला कठडा कुठे, चढ नेमका कुठे सुरू होतो, हे नवख्याला कुणी सांगतच नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाला जंगल नको असतं का?

रविवारी त्या दिसल्या तर नदीपर्यंत सोबत चालणार आहे. धावणं राहू दे एक दिवस.

मुंबईत असे सावलीचे, बिनचढाचे रस्ते अजून कुठे आहेत? सांगाल?