आमची वाटचाल : सात जीप आणि अठरा थाऊ

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमच्या गॅरेजचं शटर पहिल्यांदा वर गेलं तेव्हा आत एक चेनपुली ब्लॉक, एक गॅस कटर, पान्यांची एक पेटी आणि उधारीवर आणलेलं वेल्डिंग मशीन एवढंच होतं. नव्वदच्या दशकाची मधली वर्षं. डिझेल तेव्हा पेट्रोलच्या निम्म्या भावाच्या आसपास मिळायचं आणि पश्चिमेच्या डोंगरपट्ट्यातल्या प्रत्येक दुसऱ्या शेतकऱ्याच्या दारात हाय बोनेट पेट्रोल जीप, म्हणजे जुनी विलीज, उभी असायची. हरिकेन इंजिन, 2199 सीसी. इंजिन उत्तम, पण मोकळ्या रस्त्यालाही जे पेट्रोल पिणार ते उसाच्या रानात लो गिअरला किती पिणार, हे जीपवाल्याला सांगायला नको. म्हणून लोक विचारायचे, "डिझेल बसवून देता का?"

आम्ही बजाज टेम्पोच्या मॅटाडोर व्हॅनचं इंजिन बसवायचो. मर्सिडीजच्या परवान्यावर आकुर्डीत बनलेलं ते ओएम 616, 2399 सीसी. भंगारात मिळायचं, पार्ट मिळायचे आणि पंप दुरुस्त करणारे कोल्हापुरात होते. अडचण एकच. हे इंजिन आणि जीपचा तीन गिअरचा टी-90 गिअरबॉक्स एकमेकांना बसत नाहीत. मध्ये दोघांना जोडणारी प्लेट लागते. ती प्लेट आमच्या लेथवाल्या मामांनी बनवली.

मामा माझे नात्याने कुणी नव्हेत. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचा एकच जुना लेथ होता आणि त्यावर ते सगळं करायचे. पहिल्या तीन प्लेट त्यांनी पैसे न घेता करून दिल्या. "गाडी चालली तर दे," म्हणाले. नफ्यात चार आणे त्यांचे ठरले, ते कागदावर कधीच आले नाही आणि त्यावरून वाद म्हणून एकदाही झाला नाही.

पहिलं गिऱ्हाईक गगनबावड्याकडचे आबा. त्यांच्या जीपने आम्हाला जे शिकवलं ते कुठल्याच मॅन्युअलमध्ये नव्हतं. विलीजचे वायपर इंजिनच्या व्हॅक्यूमवर, म्हणजे इंजिन हवा ओढतं त्या जोरावर, चालतात, आणि डिझेलच्या मॅनिफोल्डला पेट्रोलसारखा व्हॅक्यूम नसतो. उन्हाळ्यात गाडी दिली तेव्हा हे कुणाच्या ध्यानात येणार? जूनमध्ये आबा घाटात अडकले, काचेबाहेर हात काढून फडक्याने काच पुसत घरी पोचले. दुसऱ्या दिवशी आले ते भांडायला नाही. "पोरा, पुढच्याला इलेक्ट्रिक मोटर बसवून दे," एवढंच म्हणाले. तेव्हापासून वायपर मोटर आमच्या अंदाजपत्रकात पहिल्या ओळीत असते.

मग ती सात जीपची ऑर्डर आली. सह्याद्रीत पर्यटक फिरवणारा एक व्यावसायिक होता, सातही गाड्या एकदम हव्या होत्या, ॲडव्हान्स रोख. मी हुरळलो. मामा तेव्हा डोळ्याच्या ऑपरेशनमुळे घरी होते. प्लेटा मी दुसऱ्या लेथवर करून घेतल्या. माप तेच, जाडी तीच, भोकं तीच. फक्त मामा प्रत्येक प्लेटला दोन डॉवेल पिना, म्हणजे प्लेट जागेवरून तसूभर न हलू देणाऱ्या घट्ट खुंट्या, ठोकायचे, त्या मी सोडून दिल्या. बोल्ट आहेत की, असा विचार केला.

तीन महिन्यांत पहिली जीप परत आली. क्लच दाबला की बेअरिंगचा आवाज, टॉपचा गिअर आपोआप बाहेर. बॉक्स उतरवला तर पायलट बुश, म्हणजे गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक इंजिनात जिथे टेकतं तो बुश, एका अंगाने खाल्लेला आणि क्लच प्लेटच्या हबचे रिव्हेट निखळलेले. आम्हाला वाटलं क्लच प्लेट निकृष्ट. नवी टाकली. पंधरा दिवसांत दुसरी जीप, मग तिसरी. पावसाळ्याच्या तोंडावर सातपैकी पाच गाड्या आमच्या दारात उभ्या होत्या आणि तो व्यावसायिक रोज फोनवर.

मामा डोळ्याला हिरवी पट्टी लावून आले. बारीक फरक काट्यावर दाखवणाऱ्या डायल गेजचा स्टँड फ्लायव्हीलवर चिकटवला, टोक जोडप्लेटच्या बोअरला, म्हणजे मधल्या गोल भोकाला, टेकवलं आणि मला म्हणाले, "क्रँक हाताने फिरव, सावकाश." काटा अठरा थाऊ फिरला. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. पाचच्या आत हवा होता. बोल्टाच्या भोकात जो ढिलेपणा असतो त्यानेच बॉक्स बाजूला बसला होता. पेट्रोल इंजिनचं कॉम्प्रेशनचं प्रमाण सातच्या आसपास, या डिझेलचं एकवीस. त्याचा प्रत्येक दणका त्या तिरक्या शाफ्टवर. कुठलं हब टिकणार?

सातही गाड्या पदरच्या पैशाने पुन्हा उतरवल्या. बायकोने हायवेजवळ घेतलेला प्लॉट विकावा लागला. ती काही बोलली नाही, ते मला आजही बोलण्यापेक्षा जास्त लागतं.

आणि त्याच दोन महिन्यांत आमच्याकडे चार वर्षं काम शिकलेल्या एका माणसाने मागच्या गल्लीत दुकान टाकलं. आमच्या प्लेटचं माप त्याच्याकडे होतंच. निम्म्या भावात बसवून द्यायला लागला आणि गिऱ्हाइकांना सांगायचा, "त्यांच्या गाड्या बघा, दारात पडून आहेत." खोटं नव्हतं, म्हणूनच जास्त झोंबलं. पण त्याने कॉपी केली तीही बिनडॉवेलची प्लेट. वर्षभरात त्याच्याही गाड्या बोंबलायला लागल्या, आणि लोक काय म्हणायला लागले? "उद्यमनगरची प्लेट टिकत नाही." त्याची चूकही आमच्या नावावर चढली. डॉवेल आणि डायलची पद्धत आम्ही भोगून बसवली, आज सगळे करतात, पण ती कुठून आली हे कुणी विचारत नाही.

त्या दिवसांत आबा तीन नवी गिऱ्हाइकं घेऊन आले. स्वतः समोर बसले आणि म्हणाले, "माझी जीप बघून या आणि मग ठरवा." गॅरेज त्यावर तरलं. नंतरची पंधरा-सोळा वर्षं चांगली गेली.

ज्याला हे काम आजही करायचंय त्याला सांगतो. आधी आरटीओत जा, मग भंगारवाल्याकडे. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाचा. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मूळ रचनेत मनमानी बदल चालणार नाहीत हे स्पष्ट केलंय. आम्ही तेव्हापासून इंजिन बदलण्याची नवीन कामं घेणं बंद केलं, जुन्यांची देखभाल आणि मूळ इंजिनांची बांधणी करतो. दुसरं, ऑईल पॅन आणि पुढच्या ॲक्सलमधलं अंतर गाडी उभी असताना मोजू नका, पाटे पूर्ण दाबून मोजा. इंजिन जड झालंय, पाटाही एक वाढवा. आणि क्राऊन-पिनियन, म्हणजे ॲक्सलमधली गिअरची जोडी. विलीजची 5.38 प्रमाणाची ठेवली तर इंजिनच्या मिनिटाला 3000 फेऱ्यांना ताशी 73-74 किलोमीटर मिळतात, 4.88 टाकली तर 80च्या पुढे. पण बदलायची तर दोन्ही ॲक्सलला बदला. नुसती मागची बदलून डांबरावर फोर व्हील टाकणाऱ्यांचे ट्रान्स्फर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटून देणारे गिअरचे डबे, मी टोपलीत गोळा केलेत.

मामा आता नाहीत. त्यांचा डायल गेज माझ्या टेबलाच्या खणात असतो, पोरांना मी तो हात धुतल्याशिवाय उचलू देत नाही. आबांची जीप आता त्यांचा मुलगा चालवतो. गेल्या मे महिन्यात क्लचसाठी आली तेव्हा बॉक्स उतरवला आणि मामांच्या त्या पहिल्या प्लेटला डायल लावला. चार थाऊ. वहीत जुन्या आकड्यांच्या खाली लिहून ठेवला आणि बॉक्स परत चढवला.