टॉवेलांच्या घड्या

मागच्या उन्हाळ्यात एका रात्री मी माझ्या 7 वर्षांच्या मुलीने घडी घातलेले टॉवेल उलगडून पुन्हा नीट घडी करत बसले होते आणि पाणी प्यायला उठलेल्या तिने ते पाहिले. ती काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी वाळलेल्या कपड्यांचा ढीग पलंगावर तसाच राहिला. "तूच कर ना, तुला माझ्या घड्या आवडत नाहीत," एवढेच तिचे उत्तर होते. मुले कामाला हात लावत नाहीत, अशी जी तक्रार मी वर्षभर माहेरी फोनवर करत आले होते, तिच्यातला बराचसा दोष माझाच होता, हे मला त्या दिवशी मान्य करावे लागले.

माझे माहेर जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यातले. तिथे आम्हा मुलांना कोणी "मदत करा" असे म्हणतच नसे. उन्हाळ्यात बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, करायचे, तेव्हा भिजवून भरडलेल्या ज्वारीचा घाटा आई पहाटेच चुलीवर शिजवी, मोठ्या बायका तो ओल्या फडक्यावर थापत आणि तो बिबडा दोन्ही हातांवर तोलून गच्चीवरच्या खाटेपर्यंत न्यायचा, पसरलेल्या धोतरावर उलटा टाकायचा आणि कडेकडेने फडके सोडवायचे, हे काम आम्हा मुलांचे असे. मे महिन्यात पारा 44-45 अंशांना टेकणाऱ्या आमच्या भागात ऊन चढायच्या आत सगळे उरकावे लागे, त्यामुळे लहान हातांची खरोखरच गरज असे. बिबडा फाटला, तर आई बोटाने जागच्या जागी सांधायची. फडके मात्र आमच्या हातून काढून घ्यायची नाही. शेवटी वाटीभर गरम घाटा आणि त्यावर कच्च्या तेलाची धार मिळे, त्यासाठी तर आम्ही भांडत असू.

अमळनेरच्या आमच्या घरात चूल नाही आणि बिबडे विकतच येतात, तेव्हा तशी गरजेची कामे शोधावी लागली. आमच्याकडे नळाला दोन-तीन दिवसांआड पाणी येते, म्हणून पाण्याचा दिवस लक्षात ठेवणे, पिंप विसळणे आणि पिण्याचे पाणी गाळून भरणे ही जबाबदारी 11 वर्षांच्या मुलाकडे दिली. पहिल्या आठवड्यात अंगणात तळे झाले आणि एकदा तर तो विसरलाच. त्या वेळी आम्ही सगळ्यांनी, त्याच्यासकट, शेजारून कळशा आणल्या. मध्यंतरी प्रत्येक कामाला 5 रुपये द्यायचा प्रयोग मी केला, पण आजोबांना पाण्याचा पेला नेऊन देण्याचा भाव त्याने विचारला, त्याच दिवशी तो बंद केला.

भांडी घासण्यावरून मात्र घरात वाजले. "पोऱ्याले भांडा घासाले लावस का माय?" असे सासूबाईंनी विचारले. त्यावर मी वाद घालत बसले असते, तर काही निष्पन्न झाले नसते. पण रात्रीच्या जेवणानंतर यजमान स्वतःच बाही सारून मुलाशेजारी मोरीत बसू लागले आणि विषय आपोआप मिटला. आता सासूबाईच त्याला शेवभाजीच्या कढईतला तर्रीचा तवंग आधी रद्दी कागदाने पुसून काढायला शिकवतात, आणि घासलेल्या भांड्याला बोट लावून पाहतात.

मुलीला अजून शेगडीजवळ जाऊ देत नाही. ती लसूण सोलते, मेथी निवडते आणि कपडे आवरते. टॉवेल अजूनही तिरकेच रचलेले असतात. त्यांच्यामुळे कपाटाचे दार पुरते लागत नाही, तेव्हा येता-जाता मी ते पायाने लोटते.